कोकणात उतारावरचे घर घेतल्यावर: घरापर्यंतचा गाडीरस्ता सुरक्षित करण्याची कामे, क्रमाने

कोकणात घर पाहायला माणसे येतात ती बहुधा डिसेंबर ते मे या काळात. त्या दिवसांत डांबरी रस्त्यापासून अंगणापर्यंत चढणारी लाल मातीची वाट कोरडी आणि टणक असते, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये कशीबशी का होईना, वर पोहोचते. मृग लागल्यावर त्याच वाटेवर चाक जागच्या जागी फिरू लागते, कडेची माती खचते, आणि घर घेताना ज्या गोष्टीकडे कोणीच नीट पाहिले नव्हते तीच सगळ्यांत मोठी अडचण होऊन बसते. आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात, एका वाडीच्या वरच्या अंगाला आहे, आणि तिथला रस्ता धड करताना जे कळले ते इथे क्रमाने मांडले आहे. कामाच्या पद्धतीइतकेच त्याच्या क्रमाला महत्त्व आहे: आधी पाहणी, मग कागद, मग पाणी, मग भिंत आणि सर्वांत शेवटी काँक्रीट. बहुतेक जण सुरुवातच काँक्रीटपासून करतात, आणि दोन पावसाळ्यांत त्याखालची माती वाहून जाऊन वर पोकळ लादी उरते.

१. पहिला पावसाळा: तात्पुरती सोय

पावसाळा तोंडावर असताना घराचा ताबा मिळाला, तर त्या वर्षी पक्के काम करण्याच्या भानगडीत पडू नये. गाडी खालीच, रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी लावावी आणि वर चालत जाण्यासाठी एका बाजूला चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) पायऱ्या व हाताला धरायला दोर किंवा लोखंडी नळी एवढी सोय करून घ्यावी. गॅसचा सिलिंडर, घरातले आजारी माणूस आणि रात्रीची वेळ या तिन्हींचा विचार त्या पायऱ्यांच्या रुंदीत झालेला असावा.

चिऱ्यावर किंवा जुन्या काँक्रीटवर जे हिरवे-काळे शेवाळ धरते ते तारेच्या ब्रशने घासून काढावे लागते. ब्लिचिंग पावडर टाकल्याने ते मरते खरे, पण ते पाणी उतारावरून खालच्या घराच्या विहिरीकडे जाणार नाही याची खात्री आधी करावी, कारण शेजाऱ्याशी पहिली गाठ पडायला हे निमित्त बरे नव्हे. शेवाळ काढल्यावर चढाच्या भागात जाड वाळू किंवा बारीक खडी पसरावी. ओल्या उतारावर गाडी उतरवावीच लागली, तर वरूनच पहिल्या गिअरमध्ये उतरवावी. मधे क्लच दाबून गाडी ‘न्यूट्रल’ने सोडण्याची सवय घाटात धोक्याची असते आणि इथेही.

२. पावसात उभे राहून पाहणी

हे काम कंत्राटदारावर सोपवता येत नाही, कारण तो ऑक्टोबरनंतर येतो. जुलैत जोराची सर पडत असताना छत्री घेऊन रस्त्यावर उभे राहावे आणि चार गोष्टी टिपून ठेवाव्यात: पाणी डोंगराच्या कोणत्या जागेतून रस्त्यावर येते, रस्त्यावरून किती अंतर वाहते, कोणत्या जागी कड ओलांडून खाली उतरते, आणि ते गढूळ आहे की स्वच्छ. जिथून गढूळ लाल पाणी येते तिथली माती झिजते आहे. जिथे पाऊस थांबल्यावरही स्वच्छ पाणी पाझरत राहते तिथे आत झरा किंवा ओलीचा थर आहे आणि त्या जागी पुढे भिंत बांधताना जास्त काळजी घ्यावी लागेल. मोबाइलवर चित्रण करून ठेवले, तर हिवाळ्यात अभियंत्याला दाखवायला त्याहून चांगला पुरावा नाही.

पाण्याचा अंदाज आकड्यांत घेतला म्हणजे मोरीचा, म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणारा, पाइप केवढा हवा यावरचा वाद मिटतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. आपल्या रस्त्याच्या वरच्या अंगाला दहा गुंठ्यांचा उतार असेल आणि तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या उतारावर एक लाख लिटर पाणी पडते, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. कोकणात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस होतो आणि जमीन आधीच तुडुंब भिजलेली असते, त्यामुळे यातले फार थोडे मुरते. बाकीचे आपल्या रस्त्यावर येणार असे धरूनच आखणी करावी.

जमिनीचा पोतही याच दिवसांत कळतो. वरचा जांभा टणक दिसतो, पण त्याच्या थराखाली पुष्कळ ठिकाणी पिवळसर-पांढरी, बुळबुळीत चिकणमाती असते. पाणी जांभ्यातून झिरपून या मातीवर साचते आणि वरचा थर त्यावरून घसरतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि खेड तालुक्यातील पोसरे येथे दरडी कोसळून जी जीवितहानी झाली, त्यानंतर कोकणातल्या उतारावर राहणाऱ्या कोणीही पाण्याकडे दुर्लक्ष करू नये. घराच्या वरच्या उतारावर अर्धवर्तुळाकार भेगा, एकाच दिशेला कललेली झाडे किंवा वाकलेला विजेचा खांब दिसला, तर प्रश्न रस्त्यापुरता राहिलेला नाही. अशा वेळी ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयाला लेखी कळवून भूवैज्ञानिक पाहणीची मागणी करावी आणि तोवर एक रुपयाही खोदाईवर खर्च करू नये.

३. उतार मोजणे

‘चढ जरा जास्त आहे’ या वाक्यावर कोणताही अंदाजपत्रक-तक्ता होत नाही. पारदर्शक प्लास्टिकची नळी, पाणी आणि टेप एवढ्यावर उतार मोजता येतो. गवंडी रोज हेच करतात. नळीत हवेचे बुडबुडे राहू न देता पाणी भरावे, एक टोक खालच्या जागी आणि दुसरे वरच्या जागी धरावे. दोन्हीकडची पाण्याची पातळी एकच असते, म्हणून त्या पातळीपासून जमिनीपर्यंतच्या दोन उंचींतला फरक म्हणजे त्या टप्प्याची चढण. तीन-तीन मीटरचे आडवे टप्पे घेऊन बेरीज करत जावे. टेप जमिनीला लावून नव्हे, तर ताणून आडवा धरावा.

नेहमीच्या वापराच्या घरगुती रस्त्याला १० मीटरला १ मीटर चढ आरामाचा असतो. ८ मीटरला १ मीटर चालवून घेता येतो. ६ मीटरला १ मीटरपेक्षा जास्त चढ असेल, तर पावसात भरलेली गाडी चढवणे जोखमीचे होते आणि पाण्याचा टँकर किंवा रुग्णवाहिका वर येईलच असे धरता येत नाही. आता उदाहरण घेऊ: रस्ता ४० मीटर लांब आहे आणि एकूण चढण ७ मीटर आहे. हा चढ सहाला एकपेक्षा कडक झाला. आठाला एक हवा असेल, तर रस्ता ५६ मीटर लांब हवा, म्हणजे जास्तीचे १६ मीटर कुठेतरी वळण देऊन मिळवावे लागतील. अंगण थोडे खाली घेऊन गाडी तिथेच थांबवणे आणि शेवटचा भाग पायऱ्यांनी चढणे हा दुसरा मार्ग आहे. माझ्या मते तो पुष्कळदा शहाणपणाचा ठरतो, पण दाराशी गाडी हवी या हट्टापुढे त्याचा कोणी विचार करत नाही.

आणखी दोन मापे घ्यावीत. रुंदी सरळ भागात किमान १० फूट, शक्य तर १२ फूट, आणि वळणावर १४ ते १६ फूट हवी. खाली मुख्य रस्त्याला मिळण्याआधी गाडीच्या लांबीएवढा, म्हणजे ५ ते ६ मीटरचा जवळजवळ सपाट तुकडा हवा, म्हणजे उतरणारी गाडी तिथे पूर्ण थांबून दोन्ही बाजू पाहू शकते. सपाट भागातून एकदम कडक चढ सुरू झाला, तर गाडीचा पुढचा किंवा मागचा भाग घासतो. म्हणून चढाच्या दोन्ही टोकांना साधारण ३ मीटर भाग निम्म्या चढाचा ठेवावा.

४. रस्ता नेमका कोणाच्या जमिनीतून जातो

माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त कामे अडतात ती इथे. घर आपले असते, पण वाट शेजारच्या गटातून जाते, आणि त्या सातबाऱ्यावर भावकीतली पुष्कळ नावे असतात, ज्यांतले निम्मे मुंबईला. पूर्वीपासूनची वहिवाट आहे, कोणी अडवत नाही, असे विकणारा सांगतो आणि ते खरेही असते. पण पायवाटेने ये-जा करू देणे वेगळे आणि तिथे जेसीबी लावून १२ फुटी रस्ता कापू देणे वेगळे.

कामाला हात घालण्यापूर्वी पुढील कागद एका फायलीत असावेत:

– खरेदीखत, त्यातील चतुःसीमा आणि रस्त्याच्या हक्काचा उल्लेख
– आपल्या आणि रस्ता ज्या गटातून जातो त्या प्रत्येक गटाचा चालू सातबारा, विशेषतः ‘इतर हक्क’ हा रकाना
– गाव नमुना ८अ आणि संबंधित फेरफार
– गटाचा नकाशा आणि गाव नकाशा, ज्यात जुन्या पायवाटा व गाडीवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात
– भूमी अभिलेख कार्यालयाकडून झालेल्या मोजणीचा नकाशा
– ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा

ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि महसुलाचा नमुना ८अ हे दोन वेगळे कागद आहेत, ते एकमेकांच्या जागी देऊ नयेत. मोजणीचा अर्ज पावसाळ्यातच करून ठेवावा, कारण मोसम सुरू झाला की तिथे रांग असते.

शेजाऱ्याच्या जमिनीतून रस्ता रुंद करायचा असेल, तर सर्व सहहिस्सेदारांच्या संमतीने रस्त्याच्या हक्काचा दस्त दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवून घ्यावा. नोटरीसमोर केलेल्या कागदाला त्याची सर येत नाही. जमीन उद्या विकली गेली की नवा मालक तो कागद बाजूला सारू शकतो. सगळे हिस्सेदार एका वेळी भेटण्याचे दिवस वर्षात मोजके: गणपती, शिमगा आणि मे महिना. गणपतीत आरतीनंतर ओटीवर बसून विषय काढावा, नकाशा दाखवावा, त्यांच्या कलमांना पाणी लागणार नाही आणि गडगा (दगडी कुंपण) पुन्हा बांधून देऊ हे सांगावे. वाडीतल्या जाणत्या माणसाला सोबत घेतले की बोलणे सरळ होते. पैशाची भाषा आपण होऊन पहिल्याच बैठकीत काढू नये.

वाट अडवली गेलीच, तर कायद्याचे मार्ग आहेत, पण त्यांची व्याप्ती समजून घ्यावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १४३ खाली शेतजमिनीकडे जाण्यासाठी दुसऱ्या गटाच्या बांधावरून रस्ता मागण्याचा अर्ज तहसीलदाराकडे करता येतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ मधील कलम ५ खाली असलेल्या वाटेतला अडथळा दूर करण्याची मागणी करता येते, मात्र ती अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावी लागते. घराकडे जाणाऱ्या वीस वर्षे उघडपणे व अखंड वापरलेल्या वाटेचा हक्क भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे दिवाणी न्यायालयात मागता येतो, पण तो मार्ग लांबचा आहे. स्थानिक वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय यातले काहीही दाखल करू नये.

५. परवानग्या

खालचा रस्ता ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा हे आधी विचारावे आणि ज्याचा असेल त्याच्याकडून जोडरस्त्याची लेखी परवानगी घ्यावी. त्या रस्त्याचे गटार बुजवून वर माती टाकणे हा फार सर्रास होणारा प्रकार आहे, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी रस्त्यावर आले की गाव आपल्याला धरते. गटारावर पाइप टाकून किंवा स्लॅब घालूनच जावे.

वाटेत आंबा, फणस, साग, खैर, किंजळ अशी झाडे असतील, तर ती आपल्या मालकीची असली तरी महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो आणि आधी परवानगी लागते. खोदाईतला मुरूम किंवा चिरा जागेबाहेर नेण्यापूर्वी तहसील कार्यालयात गौण खनिजाची परवानगी आणि स्वामित्वधन यांची चौकशी करावी. विजेचा खांब हलवायचा असल्यास महावितरणकडे अर्ज करावा. सातबाऱ्यावर वनाची नोंद दिसली, तर वन विभागाशी बोलणे होईपर्यंत काम थांबवावे.

६. कापणे आणि भरणे

जेसीबी तासावर चालतो. चालकाला डोंगर कापून माती खालच्या कडेवर ढकलणे सगळ्यांत सोपे असते. असे केले की दुपारपर्यंत रस्ता रुंद दिसतो, पण त्याची बाहेरची अर्धी रुंदी भुसभुशीत भरावावर उभी असते आणि नेमके बाहेरचे चाक त्यावरून जाते. पावसात खचतो तो हाच भाग. म्हणून चालकाला पहिल्याच दिवशी सांगावे की निघालेली माती आधी सपाट जागी टाकायची.

भराव लागणारच असेल, तर खालच्या उतारावरचे गवत व सुटी माती काढावी, मूळ जमिनीत आडव्या पायऱ्या कापाव्यात आणि सहा ते आठ इंचांचे थर देऊन, थोडे पाणी मारून, प्रत्येक थर यंत्राने दाबत जावा. भरावाच्या पायथ्याला दगडी बांध आधी उभा राहिला पाहिजे. एवढे करूनही भरावाच्या भागाला एक पावसाळा मिळू द्यावा आणि काँक्रीट पुढच्या वर्षी करावे. डोंगराची बाजू सरळ उभी कापू नये. जांभ्याचा सलग थर असेल तर तो उभा टिकतो, पण मातीचा काप मागे झुकताच हवा.

७. पाण्याची वाट

रस्त्याचा आडवा उतार डोंगराच्या बाजूला द्यावा, ३० ते ४० ला १ इतका. त्यामुळे पाणी बाहेरच्या कडेवरून न पडता आतल्या गटारात जाते आणि घसरलेली गाडीसुद्धा दरीऐवजी डोंगराकडे सरकते. आतले गटार चिऱ्याचे किंवा काँक्रीटचे, फूटभर रुंद व तेवढेच खोल, आणि फावडे बसेल असे असावे.

हे पाणी रस्ता ओलांडून बाहेर काढायला मोरी लागते. कंत्राटदार स्वस्त म्हणून नऊ इंची किंवा फूटभर पाइप सुचवतो, कारण हिशोबात तो पुरतो. हिशोबात सागाची पाने नसतात. एका सरीत सागाचे एक पान पाइपाच्या तोंडाला आडवे बसते, त्यामागे नारळाची झावळ, त्यामागे माती, आणि पाणी सरळ रस्त्यावरून वाहू लागते. ६०० मिलिमीटर व्यासाचा सिमेंटचा पाइप टाकावा, तोंडाशी गाळ बसायला खड्डा ठेवावा, आणि पाइपातून बाहेर पडणारे पाणी जिथे पडते तिथे मोठ्या दगडांची फरशी करावी, नाहीतर ते मोरीच खालून पोखरते. हे पाणी शेवटी नैसर्गिक पऱ्ह्यालाच (ओहोळालाच) मिळाले पाहिजे. शेजाऱ्याच्या भातखाचरात किंवा कलमबागेत ते सोडणे म्हणजे चौथ्या पायरीवर मिळवलेली संमती घालवणे.

कापलेल्या बाजूच्या माथ्यावर, कडेपासून काही अंतर मागे, वरचे पाणी बाजूला नेणारा चर काढावा. पण तो अस्तराचा असावा. नुसत्या मातीच्या चरात पाणी मुरते आणि तेच आतून दरड सोडवते. गावोगाव हे चर कच्चेच खोदलेले दिसतात.

८. भिंती

चार-साडेचार फुटांपर्यंतची, चुन्या-सिमेंटशिवाय रचलेली दगडी भिंत इथले जुने गवंडी उत्तम बांधतात, आणि तिच्या फटींतून पाणी आपोआप निघून जाते. त्याहून उंच भिंतीला अभियंत्याचा नकाशा हवाच. साध्या वजनावर उभ्या राहणाऱ्या भिंतीचा पाया तिच्या उंचीच्या निम्म्याहून जास्त रुंद असतो, आणि ही रुंदी चोरणारा अंदाज आला तर तो परत पाठवावा. सिमेंटमध्ये बांधलेल्या भिंतीला दर एक ते दीड मीटरवर तीन-चार इंची पाइपाची भोके ठेवावीत आणि मागे मातीऐवजी डबर भरावा. भोके असून मागे माती भरलेली असेल, तर ती वर्षभरात बुजतात. ओलीच्या, पाझराच्या जागी जाळीत दगड भरून केलेली भिंत बरी, कारण ती थोडी वाकली तरी फुटत नाही.

मातीच्या कापावर वाळ्याची रोपे समपातळीत आडव्या ओळींनी, वितीच्या आत अंतर ठेवून लावावीत. त्याची मुळे खोल जातात. लावणी जूनच्या पहिल्या पावसावर.

९. पृष्ठभाग

कडक चढावर पेव्हर ब्लॉक सरकतात, डांबराच्या लहान कामाला रोलर वर चढत नाही, आणि जांभ्याच्या फरशीवर शेवाळ धरते. काँक्रीटच टिकते. दाबलेल्या मुरूम-खडीच्या थरावर सहा इंच जाडीचे, एम-२५ प्रतीचे काँक्रीट, दर तीन-साडेतीन मीटरला सांधा, आणि उताराच्या खालच्या टोकाला जमिनीत उतरलेली काँक्रीटची आडवी तुळई, जी लादी खाली सरकू देत नाही. वरचा भाग थापीने गुळगुळीत करू देऊ नये. गवंड्याला तसे करण्याची सवय असते आणि त्याला ते चांगले कामही वाटते. ओल्यावरच खराट्याने आडवे ओरखडे आणि बोटभर अंतरावर खाचा, आतल्या गटाराकडे किंचित तिरक्या, पाडून घ्याव्यात.

उतारावर पाणी साचत नाही, म्हणून काँक्रीटवर ओली गोणपाटे अंथरून किमान दहा दिवस ती ओली ठेवावीत. एप्रिलच्या उन्हात यासाठी एक माणूस वेगळा ठेवावा लागतो आणि विहिरीचे पाणी तेव्हाच आटलेले असते, त्यामुळे फेब्रुवारी-मार्च बरा. खर्च कमी करायचा असेल, तर सरळ भागात अडीच-अडीच फुटांच्या दोन पट्ट्या, मधे अडीच फूट गवत अशी चाकोरी चालते. वळणावर आणि कडक चढावर मात्र पूर्ण रुंदी भरावी.

१०. कठडा, आरसा, उजेड

बाहेरच्या कडेला उंच खालवट असेल तिथे काँक्रीटचा कठडा किंवा लोखंडी क्रॅश बॅरियर हवा. रंगवलेले चिरे कड दाखवतात, गाडी अडवत नाहीत. मुख्य रस्त्याच्या तोंडाशी बहिर्गोल आरसा, वळणांवर परावर्तक पट्ट्या आणि वरच्या वळणाशी सौरदिवा बसवावा. अंगणात गाडी उभी राहते तिथे उताराच्या बाजूला सहा इंची काँक्रीटचा अडथळा ओतून घ्यावा.

११. दर वर्षीची आगोट

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, लाकडे भरताना आणि कौले शाकारतानाच रस्त्याचीही आगोट, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची तयारी, करावी: गटारे व गाळाचे खड्डे उपसणे, भिंतीची भोके सळईने मोकळी करणे, कापाच्या माथ्यावरची सुटलेली दगडे काढणे, सांध्यांत डांबर भरणे, शेवाळ घासणे. जुलैत दर मोठ्या पावसानंतर मोरीच्या तोंडाशी एक फेरी मारावी. भिंतीच्या भोकांतून येणारे पाणी एकाएकी बंद झाले किंवा गढूळ झाले, रस्त्याच्या बाहेरच्या कडेला लांबट भेग पडली, किंवा भिंतीचा मधला भाग फुगला, तर त्या दिवसापासून गाडी खालीच ठेवावी आणि अभियंत्याला बोलवावे. भेगा वाढत असतील आणि पाऊस थांबत नसेल, तर रात्र होण्याची वाट न पाहता घरातल्या माणसांना वाडीतल्या सुरक्षित घरी हलवावे आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ या क्रमांकावर कळवावे.